‘हे पहिल्यांदा कुठे पाहिलंस?’

एम.ए. अर्थशास्त्राच्या चौथ्या सत्रात सहा श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प करावा लागतो. विषय देण्याची मुदत संपायला दोन दिवस उरले असताना मी ‘समाजमाध्यमांवरील इन्फ्लुएन्सर आणि पुण्यातील विद्यार्थिनींचा खर्च’ असे कागदावर लिहून दिले. त्यामागे फार मोठा विचार नव्हता. पीकविमा, बचत गट, कांद्याचे भाव हे विषय वर्गातल्या इतरांनी आधीच उचलले होते, आणि माझ्या हाताशी अभ्यासाचे क्षेत्र आयतेच होते: कर्वेनगरमधली आमची कॉट बेसिसवरची खोली, तिच्यातल्या आम्ही चौघी आणि दर दोन दिवसांनी दारात येऊन पडणारे पार्सल. शीर्षकात ‘प्रभावक’ हा शब्द घालावा असे मला आधी वाटले होते. परंतु पहिल्याच मुलाखतीत समोरच्या मुलीने तो रसायनशास्त्रातला शब्द आहे का, असे विचारल्यावर मी तो नाद सोडला.

मी बार्शी तालुक्यातल्या एका गावची. वडिलांचे, म्हणजे अण्णांचे, तिथे किराणा दुकान आहे. ते मला दरमहा 12,000 रुपये पाठवत. त्यातले 5,500 खोलीच्या भाड्याचे आणि 3,200 दोन वेळच्या मेसचे गेले की 3,300 उरत. नववी-दहावीच्या दोन मुलींच्या शिकवणीचे 4,000 मिळत, ते त्यात धरले तर महिन्याला 7,300 रुपये माझ्या मर्जीवर होते. हे आकडे सुरुवातीलाच देण्याचे कारण असे की पुढचे सगळे या 7,300 रुपयांचे आहे.

जानेवारी 2025 मध्ये मी बावीस प्रश्नांचा एक गूगल फॉर्म तयार केला आणि ओळखीच्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर टाकला. मुख्य विधान असे होते: ‘माझ्या खरेदीवर इन्फ्लुएन्सरचा प्रभाव पडतो.’ त्याखाली ‘पूर्णतः सहमत’पासून ‘पूर्णतः असहमत’पर्यंत पाच पर्याय. तीन दिवसांत पुरेशी उत्तरे जमली, मी हौसेने त्यांचा आलेखही काढला, आणि त्यात ‘असहमत’चे दोन स्तंभ इतके उंच आले की बाकीचे तीन जमिनीला टेकल्यासारखे दिसू लागले. विद्यार्थिनी चोखंदळ आहेत, त्या पाहतात पुष्कळ परंतु स्वतःच्या गरजेनुसारच घेतात, असा निष्कर्ष घेऊन मी मार्गदर्शक मॅडमकडे गेले. मॅडमनी आलेख उलटासुलटा करून पाहिला.

“फॉर्म तुम्ही स्वतः भरलात का?”

“हो मॅडम, चाचणी म्हणून.”

“मग काय भरलंत?”

“असहमत.”

त्यांची नजर माझ्या हातातल्या पेल्याकडे गेली. सव्वा लिटरचा, बाजूला दांडी असलेला, झाकणातून नळी वर आलेला स्टीलचा पेला होता तो, फिकट गुलाबी रंगाचा. तसाच एक, रंग तेवढा वेगळा, विभागाच्या बाहेरच्या कट्ट्यावर बसलेल्या निदान चार मुलींच्या हातांत होता. मॅडम एवढेच म्हणाल्या, “हे पहिल्यांदा कुठे पाहिलंत?” आणि मला उत्तर सुचेना. रीलमध्ये पाहिला होता हे खरे. पण त्या रीलमध्ये पेल्याची जाहिरात नव्हती. सकाळी पाच वाजता उठून अभ्यास करणारी कोणी मुलगी होती, तिच्या टेबलावर वही, मेणबत्ती आणि हा पेला होता. मी पेला घेतला तो त्यानंतर चार महिन्यांनी, आणि मला अगदी प्रामाणिकपणे वाटत होते की उन्हाळ्यात पाणी कमी प्यायले जाते म्हणून तो घेतला.

मॅडमनी सांगितलेले काम साधे होते. दुसऱ्यांना विचारण्याआधी मी स्वतःचे सहा महिन्यांचे बँक स्टेटमेंट काढायचे, प्रत्येक नोंदीपुढे तीन रकाने आखायचे, ‘काय घेतले’, ‘बरोबर कोण होते’ आणि ‘पहिल्यांदा कुठे पाहिले’, आणि ते भरून झाल्याशिवाय त्यांना तोंड दाखवायचे नाही.

बँकेकडून आलेली पीडीएफ फाइल नावाची चार अक्षरे आणि जन्मतारीख टाकून उघडली, तेव्हा जुलै ते डिसेंबर 2024 या काळातले सहाशेहून अधिक व्यवहार समोर आले. रोख पैसे वापरणाऱ्या माणसाला हा अनुभव कधीच येणार नाही. यूपीआयमध्ये सगळ्याची नोंद राहते, पण ती वाचता येईल अशी मात्र राहत नाही. चहाचे पैसे टपरीच्या नावाने जात नाहीत, टपरीवाल्याच्या भावजयीच्या नावाने जातात. झेरॉक्सवाल्याच्या आणि भेळवाल्याच्या आडनावांत घोटाळा होतो. आणि 149 रुपये कोण्या अनोळखी गृहस्थांना का दिले हे आठवण्यात अर्धा तास जातो. मी शेवटी फोनमधल्या फोटोंच्या तारखा आणि स्टेटमेंटमधल्या तारखा शेजारी शेजारी लावून बसले. स्क्रीनशॉटच्या फोल्डरने सर्वांत जास्त मदत केली. विकत घेण्याच्या कितीतरी आधी आपण वस्तूचा स्क्रीनशॉट काढून ठेवतो आणि विसरून जातो. माझ्या फोनमध्ये असे दोन हजारांवर स्क्रीनशॉट होते आणि त्यांतले बरेचसे कपड्यांचे, कॅफेंचे आणि बाटल्यांचे होते. नऊ रात्री हे काम चालले.

सहा महिन्यांत माझ्या मर्जीचे 43,800 रुपये आले होते. त्यांपैकी 13,400 मी ‘अत्यावश्यक’ या शीर्षाखाली टाकले: बसभाडे, गावी जाणेयेणे, रिचार्ज, झेरॉक्स, औषधे. कॅफे आणि बाहेरचे खाणे 11,860. कपडे आणि चपला 7,920. सौंदर्यप्रसाधने 6,745. पेला आणि तत्सम वस्तू 2,310. बेरीज करून 1,565 रुपये शिल्लक दिसली आणि मी सुखावले. तक्ता मॅडमकडे नेला. त्यांनी पेन्सिलीने एका नोंदीभोवती गोल केला. डिसेंबरमधली 649 रुपयांची सीरमची बाटली मी ‘औषधे’ म्हणून अत्यावश्यक खर्चात टाकली होती. तेच सीरम ऑगस्टमध्ये पहिल्यांदा घेतले तेव्हा ते ‘सौंदर्यप्रसाधने’त होते, ऑक्टोबरमध्येही होते. तिसऱ्या बाटलीला, माझ्याच हाताने, मी ते गरजांच्या रांगेत नेऊन बसवले होते.

माझ्या प्रकल्पात पुढे जे काही निघाले ते सगळे या पेन्सिलीच्या गोलातून निघाले असे मला आजही वाटते. एखादी वस्तू घ्यायला इन्फ्लुएन्सर आपल्याला भाग पाडतो की नाही, या प्रश्नाभोवती माझे बावीस प्रश्न फिरत होते, आणि त्या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर देणाऱ्या मुली खोटे बोलत नव्हत्या. कोणीच कोणाला भाग पाडत नाही. बदलते ती ‘साधारण’ कशाला म्हणायचे याची पातळी. ‘एवढे तर सगळ्यांकडे असतेच’ ही रेघ हळूहळू वर सरकते, आणि रेघ सरकल्यानंतर केलेली खरेदी आपल्याला आपल्याच गरजेची वाटते.

अर्थशास्त्रात हे काही नवे नाही, हे मला संदर्भ चाळताना कळले. जेम्स ड्यूसेनबेरी यांनी 1949 मध्ये मांडले होते की माणसाचा उपभोग त्याच्या स्वतःच्या उत्पन्नाइतकाच आजूबाजूच्या लोकांच्या उपभोगावर ठरतो; चार वर्षांनी रॅग्नर नर्क्स यांनी हाच विचार देशांना लावला, की गरीब देशांतले लोक श्रीमंत देशांतली राहणी पाहून बचत कमी करतात. बी.ए.च्या पुस्तकात आम्ही हे ‘प्रदर्शन परिणाम’ म्हणून पाच गुणांसाठी पाठ केले होते. त्या पुस्तकातला शेजारी भिंतीपलीकडे राहत असे आणि त्याचे उत्पन्न साधारण आपल्याइतकेच असे. फोनमधल्या शेजारणीचे उत्पन्न किती, भाडे कोण भरते, टेबलावरच्या वस्तू तिच्या आहेत की कंपनीने पाठवलेल्या, यातले काहीच आपल्याला ठाऊक नसते. तरी ती रोज भेटते, नावाने हाक मारल्यासारखी बोलते आणि मावसबहिणीपेक्षा तिच्या घराची आपल्याला जास्त माहिती असते. अशा एकतर्फी ओळखीला हॉर्टन आणि वोल या दोघा अभ्यासकांनी 1956 मध्येच नाव दिले होते, तेही रेडिओ आणि दूरचित्रवाणीवरच्या निवेदकांकडे पाहून.

तिसरा रकाना भरताना दुसरी एक गोष्ट लक्षात आली. रील पाहून थेट खरेदी केली, असे माझ्या तक्त्यात फार थोड्या वेळा झाले होते. सीरमची रील मी मार्चमध्ये पाहिली होती. घेतले ऑगस्टमध्ये, ते माझ्या धुळ्याच्या रूममेटने घेतल्यावर. तिला विचारले तर ती म्हणाली, “मी कुठे रील बघते गं? माझ्या आतेबहिणीने सांगितलं.” आतेबहीण नाशिकला असते; तिला फोन लावला. तिने रीलच पाहिली होती. म्हणजे वस्तू पडद्यावरून उतरून आधी नाशिकला गेली, तिथून धुळ्याच्या मुलीमार्फत कर्वेनगरच्या बेसिनवर आली, आणि माझ्यापर्यंत पोहोचेतो तिला मैत्रिणीच्या शिफारशीचे रूप आले होते. अशी साखळी सुटी करत गेले तेव्हा चार शीर्षांखालच्या 28,835 रुपयांपैकी सुमारे 19,000 रुपयांच्या वस्तूंचे मूळ कुठल्या ना कुठल्या रीलमध्ये सापडले.

कॅफेंच्या नोंदींत तर शोधायलाही लागले नाही. ‘पुण्यातले दहा लपलेले कॅफे’ अशी एक यादी आमच्या चौघींच्या ग्रुपवर फिरत होती आणि आम्ही दर रविवारी त्यातला एक उरकत होतो. लपलेल्या कॅफेबाहेर चाळीस मिनिटांची रांग असे. एका ठिकाणी फुलांची खोटी भिंत होती आणि तिच्यासमोर उभे राहण्यासाठी आतल्या आत दुसरी रांग होती. 320 रुपयांचा माचा नावाचा हिरवागार चहा आम्ही चौघींत एक मागवला, फोटो होईपर्यंत त्याला कोणी हात लावला नाही, आणि प्यायल्यावर धुळ्याच्या मुलीने “कडबा भिजवलेलं पाणी” असा शेरा मारला. तरीही पुढच्या महिन्यात आम्ही तो पुन्हा मागवला. दुसऱ्यांदा तो बरा लागला, हे मला नोंदवले पाहिजे.

नवरात्राचे प्रकरण वेगळ्या तऱ्हेने गळ्याशी आले. नऊ दिवसांच्या नऊ रंगांची यादी आमच्याकडे पूर्वीपासून वर्तमानपत्रांतून येते आणि आई तिच्या जुन्या साड्यांतून तिला जमेल ते रंग काढते. ‘जांभळी नाही, मग वांगी रंगाची चालेल’ अशी तिची तडजोड असते. ऑक्टोबर 2024 मध्ये मात्र नऊ दिवस नऊ पूर्ण पोशाख, त्यांवर त्या त्या रंगाचे झुमके आणि शेवटी सगळ्यांचा एकत्र व्हिडिओ, असा घाट आमच्या वर्गातल्या मुलींनी घातला. माझ्याकडे पाच रंग होते. उरलेले चार मी एका ‘नंतर पैसे द्या’ छापाच्या ॲपवरून घेतले: 5,400 रुपये, 1,800 चे तीन हप्ते, व्याज शून्य. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2022 मध्ये डिजिटल कर्जवाटपाचे नियम आणल्यापासून कर्जदाराला अटींचा आणि एकूण खर्चाचा गोषवारा आधी दाखवावा लागतो. तो मला दाखवला होता, मी तो न वाचता ‘सहमत’ दाबले होते. नोव्हेंबरचा हप्ता गेला. डिसेंबरमध्ये खात्यात पैसे नव्हते, तेव्हा 250 रुपये विलंबशुल्क आणि त्यावर जीएसटी, असे 295 रुपये चढले. स्टेटमेंटमध्ये न दिसणारी ही देणी धरली तर डिसेंबरअखेर मी 3,895 रुपयांनी उधारीत होते आणि माझी 1,565 ची शिल्लक हा भास होता.

किराणा दुकानदाराची मुलगी असून मला हे उमजले नाही याची खंत मला त्या पैशांपेक्षा जास्त आहे. अण्णांच्या उधारीच्या वहीचा नियम एवढाच, की मागचे मिटल्याशिवाय पुढचे नाही, आणि कोणी सणाला जास्त उचलायला लागले तर ते स्वतःच “पुढच्या बाजारी ने” म्हणून हात आखडता घेतात. मी पहिला हप्ता वेळेवर भरला त्याच संध्याकाळी ॲपने माझी मर्यादा 8,000 वरून 15,000 केली आणि अभिनंदनाचा कागदी फुलांचा वर्षाव पडद्यावर पाडला.

फेब्रुवारीत मी गूगल फॉर्म रद्द केला आणि मुलाखती सुरू केल्या. बावीस प्रश्नांची जागा एका प्रश्नाने घेतली. समोरच्या मुलीला तिच्या पिशवीतल्या तीन वस्तू टेबलावर काढायला सांगायचे आणि प्रत्येकीबद्दल विचारायचे: हे पहिल्यांदा कुठे पाहिलेस? ‘का घेतलेस’ हे मुद्दाम विचारायचे नाही, कारण ‘का’ला माणूस कारण तयार करून देतो. मी अकरा मुली आणि चार मुलांशी बोलले. एवढ्याशा संख्येवर टक्केवारी काढणे म्हणजे स्वतःची फसवणूक, म्हणून प्रबंधातही ती दिली नाही.

मुलांशी बोलताना वस्तू बदलल्या. प्रथिनांची पावडर आणि बूट आले. त्यांतला एकजण मात्र वेगळाच निघाला. सदाशिव पेठेत राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या या मुलाने नफ्याचे स्क्रीनशॉट दाखवणाऱ्या एका शेअर बाजार ‘गुरू’चा कोर्स घेतला होता आणि ऑप्शन्समध्ये, म्हणजे शेअरच्या भावांच्या चढउतारांवर लावलेल्या सौद्यांत, क्लासच्या फीचे 38,000 रुपये घालवले होते. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार आधीच्या तीन आर्थिक वर्षांत वायदे आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी 93 टक्क्यांना तोटा झाला होता. हा आकडा त्याला माहीत होता. तो म्हणाला, “मला वाटलं, त्या सात टक्क्यांतलेच लोक रील बनवत असतील.”

सर्वांत जास्त शिकवून गेली ती विधी शाखेतली एक मुलगी, जी स्वतःच इन्फ्लुएन्सर होती. अठरा हजार अनुयायी, मराठीतून बोलणे, विषय कॉलेजचे कपडे आणि त्वचेची निगा. तिच्या धंद्याचे शब्द मी वहीत लिहून घेतले. ‘बार्टर’ म्हणजे पैसे नाहीत, वस्तू ठेवून घ्या आणि रील द्या. ‘ब्रीफ’ म्हणजे काय बोलायचे आणि काय बोलायचे नाही याचा कंपनीकडून आलेला कागद. ‘हुक’ म्हणजे पहिले दोन सेकंद, ज्यांत बोट थांबले पाहिजे. वर्षभरात आलेल्या बहुतेक वस्तू बार्टरच्या होत्या. तेव्हाच्या आयकर कायद्यात कलम 194आर जुलै 2022 पासून आल्यावर, एका कंपनीकडून वर्षाला 20,000 रुपयांहून जास्त किमतीच्या वस्तू मिळाल्या तर त्यांवर 10 टक्के टीडीएस, म्हणजे देणाऱ्याकडूनच आधी कापला जाणारा कर, लागतो, हे मी तिला ऐकवले तेव्हा ती हसत सुटली. “ताई, मला चारशे नव्याण्णवची सनस्क्रीन येते. वीस हजार झाले तर मी पेढे वाटीन.”

तिचा स्वतःचा खर्च विचारला तेव्हा ती थोडी गंभीर झाली. तोच ड्रेस दोनदा दिसला तर प्रतिक्रियांत कोणीतरी हमखास विचारते, म्हणून ती कपडे मागवते, चित्रीकरण करते, टॅग न काढता परत पाठवते. परतीचा कालावधी चुकला तर ड्रेस गळ्यात पडतो. दिव्याचे, माइकचे, फोनच्या हप्त्याचे पैसे तिच्या खिशातून जातात. “लोकांना वाटतं मी हे सगळं विकत घेते. घरच्यांनाही तसंच वाटतं, आई पार्सल बघून ओरडते. आणि फुकट येतं म्हणावं तर तिचा विश्वास बसत नाही.” तिला पाहून माझ्या वर्गातल्या मुली आपली राहणी ठरवत होत्या आणि तिची राहणी परतीच्या पार्सलवर उभी होती.

जाहिरातीची नोंद दाखवण्याबद्दलही तिने मोकळेपणाने सांगितले. भारतीय जाहिरात मानक परिषदेने इन्फ्लुएन्सरसाठीची मार्गदर्शक तत्त्वे 27 मे 2021 रोजी जाहीर केली आणि 14 जूनपासून ती लागू झाली. पंधरा सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत जाहिरातीची खूण किमान तीन सेकंद, आणि त्याहून मोठ्या पण दोन मिनिटांच्या आतल्या व्हिडिओत एकतृतीयांश वेळ दिसली पाहिजे असे त्यांत आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी 2023 मध्ये आपली तत्त्वे काढली, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दहा लाखांपर्यंत, पुन्हा तसेच केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. बार्टरलाही हा नियम लागू होतो, हे त्या मुलीला माहीत होते; ती खूण लावते, पण वर्णनाच्या टोकाला, ‘आणखी’वर बोट दाबल्याशिवाय न दिसणारी. मी दोन संध्याकाळी घड्याळ लावून रील मोजल्या. खुणा पांढऱ्या भिंतीवर पांढऱ्या अक्षरांत होत्या, नाहीतर अजिबात नव्हत्या. मात्र माझ्या स्वतःच्या तक्त्याकडे परत आले तेव्हा हा सगळा कायदा मला थोडा बाजूला पडल्यासारखा वाटला, कारण मला पेला विकणाऱ्या मुलीने पेल्याचे पैसे घेतलेच नव्हते. तिनेही तो कोणाच्या तरी टेबलावर पाहून घेतला असणार. जिथे जाहिरातच नाही तिथे जाहिरातीची खूण कोण लावणार?

सगळे एकाच बाजूने जात नाही, हेही मुलाखतींतून पुढे आले. जुलै 2024 मध्ये राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क पूर्ण माफ केले. माझ्याशी बोललेल्या एका मुलीला ही गोष्ट कॉलेजच्या फलकावरून कळली नव्हती, एका मराठी मुलीच्या रीलमधून कळली होती. तिचे त्या वर्षीचे शुल्क वाचले. तिच्या पिशवीतही तो दांडीचा पेला होताच.

चौथ्या रूममेटची मुलाखत मी सर्वांत शेवटी घेतली, कारण तिच्याकडे सांगण्यासारखे काही नसेल असे मी गृहीत धरले होते. ती नंदुरबारकडची, आई-वडील दोघे शेतात. रविवारच्या कॅफेला ती सुरुवातीला दोनदा आली आणि मग दर रविवारी तिचे पोट बिघडू लागले. आम्ही बाहेर पडत असू तेव्हा ती मेसचा डबा घेऊन खिडकीशी बसलेली असे. आम्ही तिघींनी एकदाही विचारले नाही, याची नोंद मी प्रबंधात केलेली नाही, इथे करते. तिचे स्टेटमेंट तिने स्वतःहून दाखवले. त्यात सौंदर्यप्रसाधने जवळपास नव्हती, कॅफे दोन, कपडे एक. माझ्या तक्त्यानुसार तिच्यावर कोणाचाही प्रभाव नव्हता. मग तिने फोनमधली वापराची वेळ दाखवली. आमच्या चौघींत रील सर्वांत जास्त ती पाहत होती.

“मला वस्तू नको होत्या गं,” ती म्हणाली. “तुम्ही तिघी रात्री काय बोलता तेच मला कळायचं नाही. कुठलं सीरम, कुठला कॅफे, कोणाचं लग्न. ते कळावं म्हणून मी बघायला लागले.”

त्यानंतर तिने स्टेटमेंटवरच्या दोन ओळींवर बोट ठेवले. नोव्हेंबर आणि डिसेंबरमध्ये मेसवाल्या काकूंना 3,200 च्या जागी 1,800 रुपये गेले होते. दोन महिने तिने एक वेळची मेस केली होती. वाचलेल्या 2,800 रुपयांतून विभागाच्या सहलीसाठी 2,799 रुपयांचे पांढरे बूट घेतले, जे आमच्या तिघींकडे होते. ते बूट मी पाहिले होते, “मस्त दिसतायत” असेही म्हटले होते. संध्याकाळी ती जेवत नाही हे मात्र त्याच खोलीत झोपत असून माझ्या लक्षात आले नव्हते. बुटांच्या नोंदीपुढे ‘पहिल्यांदा कुठे पाहिले’ या रकान्यात तिने लिहिले होते: ‘दाराशी.’ आमच्या खोलीच्या दाराशी, आम्ही काढून ठेवलेले.

प्रकल्प एप्रिलअखेर सादर झाला. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी नमुना फार लहान असल्याचे दोनदा सांगितले आणि ते बरोबरच होते. ॲपचे पैसे मी शिकवणीच्या पैशांतून मार्चपर्यंत फेडले होते. पेला अजून वापरते.

मे महिन्यात गावी गेले तेव्हा दुपारच्या रिकाम्या वेळी अण्णांनी गल्ल्यावर बसून विचारले, “सहा महिने काय शोधलंस मग?” मी मला जमेल तसे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि उधारीची वही मागच्या बाजूने उघडून माझ्यापुढे सरकवली. शेवटच्या पानांवर त्यांची एक वेगळी यादी होती, दुकानात नसलेल्या पण कोणी ना कोणी मागितलेल्या मालाची: ‘कोरियन शेवया, तिखट – शाळेची पोरं’, ‘तांदळाचा फेसवॉश, पुडी – पोस्टमनची धाकटी’, ‘उन्हाचं क्रीम, लहान – अंगणवाडीवाल्या बाई’. पुढे तारखा, आणि पाच वेळा मागणी आली की खूण.

“नावं कशी कळतात तुम्हाला? पोरांना तरी उच्चारता येतात का?”

“नाव कुठलं सांगतायत,” अण्णा म्हणाले. “मोबाइल पुढं धरतात.”

गुरुवारी बार्शीहून माल आला, त्यात फेसवॉशच्या पुड्यांची एक माळ होती. अण्णांनी ती शाम्पूच्या माळांशेजारी खिळ्याला अडकवली. संध्याकाळी पाचच्या सुमारास पोस्टमनची धाकटी आली, फ्रॉकच्या खिशातून आईचा मोबाइल काढून तो उघडू लागली, आणि तो उघडायच्या आत अण्णांनी माळेतली एक पुडी फाडून तिच्या हातावर ठेवली.